सीडी-आरडब्ल्यूवर बर्न केलेला लेहरा वर्गातल्या प्लेअरवर अडखळतो

घुंगरू_सांगली

नमस्कार. मी कथकचे वर्ग घेते. रियाजासाठी लागणारे तीनतालाचे लेहरे, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणाऱ्या धुना, दर आठवड्याला बदलावे लागतात, म्हणून दर वेळी नवी सीडी वाया न घालवता मी पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या, म्हणजे आरडब्ल्यू प्रकारच्या तीन डिस्क घेतल्या. पहिले काही आठवडे सारे सुरळीत चालले. आता मात्र सभागृहातला 1995 साली घेतलेला सीडी प्लेअर कधी डिस्क ओळखतो, तर कधी ‘नो डिस्क’ असे दाखवून स्वस्थ बसतो. ओळखलीच, तर सुरुवातीचे ट्रॅक नीट वाजतात आणि शेवटचे दोन-तीन अडखळतात. हीच डिस्क घरच्या डीव्हीडी प्लेअरवर विनातक्रार वाजते, आणि तिच्यावर पूर्वी छायाचित्रे साठवली होती तेव्हा संगणकानेही कधी कुरकुर केली नव्हती.

दुसरी अडचण अशी की मध्य लयीच्या लेहऱ्याला जोडूनच द्रुत लयीचा लेहरा हवा असताना दोहोंच्या मध्ये शांतता येते, शिवाय एक बारीक ‘टक’ असा आवाजही ऐकू येतो. मुलींची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकते ती तिथेच.

मी डिस्क दर वेळी ‘क्विक इरेज’ने पुसते, मिळेल त्या सर्वांत जास्त वेगाने बर्न करते आणि ओळख पटावी म्हणून वर कागदी लेबल चिकटवते. प्लेअरला पेन ड्राइव्हची सोय नाही आणि तो बदलणे माझ्या हातात नाही. दोष डिस्कचा, रायटरचा (संगणकातल्या डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हचा) की प्लेअरचा, हे कसे ओळखावे?

तबकडीवाला

ताई, दोष थोडाथोडा तिघांचाही आहे, परंतु मूळ कारण या डिस्कच्या घडणीत आहे. बाजारात मिळणाऱ्या छापील ऑडिओ सीडीवरून लेझरचा किमान 70 टक्के प्रकाश परत येतो आणि साध्या, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरचे परावर्तनही त्याच्या जवळपास असते, तर आरडब्ल्यूवरून जेमतेम 15 ते 25 टक्केच प्रकाश परततो. या डिस्कमध्ये सीडी-आरमधल्या रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा थर असतो. लिहिताना लेझर त्यातला बारीकसा ठिपका वितळवतो, तो झटकन थंड झाला की अस्फटिक राहतो आणि कमी चमकतो. पुसताना त्याच थराला वितळणबिंदूच्या खालपर्यंतच तापवून पुन्हा स्फटिकरूप दिले जाते. सीडी-आरडब्ल्यू बाजारात आली 1997 साली, म्हणजे आपला प्लेअर तिच्याहून जुना आहे. इतक्या क्षीण प्रकाशावर काम करण्यासाठी संकेत वाढवून घेणारी रचना त्याच्यात मुद्दाम केलेली असण्याचे कारणच नाही. तो कधीमधी डिस्क वाचतो, ही त्याची मेहेरबानी समजावी.

छायाचित्रे नीट वाचली जात होती यावरून काहीच सिद्ध होत नाही. सीडीवरच्या प्रत्येक सेक्टरमध्ये 2352 बाइट असतात. डेटा डिस्कवर त्यांतले 2048 बाइटच माहितीसाठी वापरून उरलेल्यांत मुख्यतः चुका दुरुस्त करण्याची जादा तजवीज केलेली असते, तर ऑडिओ डिस्कवर सगळेच्या सगळे 2352 बाइट संगीताला दिलेले असतात. दोन्हींना सामाईक असलेली पायाभूत दुरुस्ती ऑडिओलाही मिळते, पण तिच्या पलीकडे चूक गेली की प्लेअर आवाजाच्या आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून वेळ मारून नेतो, आणि तेही साधले नाही की आवाज तुटतो. शिवाय संगणक न वाचलेला भाग पुन्हा पुन्हा वाचू शकतो. तुमच्या प्लेअरला तेवढी उसंत नसते, कारण त्याला सेकंदाला 75 सेक्टर न थांबता द्यायचे असतात.

आता उपाय सांगतो. ‘क्विक इरेज’मध्ये प्रामुख्याने अनुक्रमणिका पुसली जाते आणि जुने लेखन खाली तसेच राहते, म्हणून एकदा तिन्ही डिस्क पूर्ण पुसून पाहा. 80 मिनिटांच्या डिस्कला 4 एक्स, म्हणजे वाजण्याच्या नेहमीच्या गतीच्या चौपट वेगाने सुमारे वीस मिनिटे लागतील, पण रुसलेली डिस्क या एका गोष्टीने मार्गावर आल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. मग अगदी 1 एक्स वेगाने बर्न करा.

सोल्डरगन

तबकडीवाला यांच्या बाकी विवेचनाशी मी सहमत आहे, मात्र ‘1 एक्सने बर्न करा’ हा सल्ला सरसकट चालणार नाही. सुरुवातीच्या आरडब्ल्यू डिस्क 1 ते 4 एक्सच्या होत्या, पुढे ‘हाय स्पीड’ आणि ‘अल्ट्रा स्पीड’ अशा जाती आल्या आणि प्रत्येक जातीतल्या मिश्रधातूला तापण्या-निवण्यासाठी ठरावीक गती लागते. ज्या डिस्कवर 16 ते 24 एक्स असे छापले आहे ती 1 एक्सने लिहिलीच जाणार नाही. डिस्कच्या खाचेत कोरलेली माहिती वाचून रायटर तो पर्यायच देणार नाही. म्हणून डिस्कवर छापलेल्या मर्यादेतला खालचा वेग निवडणे एवढेच आपल्या हाती आहे.

शेवटचे ट्रॅक अडखळण्याचे कारण कागदी लेबलात असण्याची दाट शक्यता आहे. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे शेवटचे ट्रॅक कडेला येतात. आणि लेबल किंचित जरी एका बाजूला सरकले किंवा ओलाव्याने आक्रसले, तरी डिस्क सर्वांत जास्त डुगडुगते ती कडेलाच. मात्र चिकटवलेले लेबल सोलू नका, सीडीचा चमकता थर लेबलच्या बाजूलाच असल्यामुळे तो सोबत निघून येतो. पुढच्या डिस्कवर योग्य त्या मार्करने लिहा आणि शक्य असेल तर शेवटची दहाएक मिनिटे रिकामी सोडा.

प्लेअरबद्दल एक कळकळीची सूचना. जुन्या प्लेअरचे भिंग धुळीने अंधारलेले असते, ते कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करून घ्यावे. काही कारागीर लेझरशेजारचा बारीक स्क्रू फिरवून त्याची शक्ती वाढवतात. त्याने आरडब्ल्यू काही दिवस वाजतेही, पण लेझरचे आयुष्य झपाट्याने घटते आणि मग छापील सीडीही वाजेनाशा होतात.

जाता जाता एक गंमत सांगतो. घरचा डीव्हीडी प्लेअर चालतो म्हणून डिस्क चांगली, हा निष्कर्ष बरोबर नाही. अगदी सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरांमध्ये फक्त 650 नॅनोमीटरचा लाल लेझर असे. सीडी-आरचे रंगद्रव्य 780 नॅनोमीटरसाठी बेतलेले असल्याने ते प्लेअर सीडी-आर वाचू शकत नसत, पण आरडब्ल्यू मात्र वाचत. तुमच्या सभागृहातल्या प्लेअरचे नेमके उलटे आहे, त्याला आरडब्ल्यूच जड जाते.

मात्रामोजणी

मधल्या शांततेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आपले सॉफ्टवेअर ‘ट्रॅक-अ‍ॅट-वन्स’ पद्धतीने लिहीत असावे. त्या पद्धतीत प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबतो, जोडाच्या जागी काही निकामी सेक्टर पडतात आणि साधारण दोन सेकंदांचे अंतर राहते. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर दोन सेकंदांत चार मात्रा होतात, म्हणजे तीनतालाचा अख्खा एक विभाग हरवतो. मग सम चुकली तर मुलींना का रागवायचे! ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’ निवडा आणि ट्रॅकमधले अंतर शून्य ठेवा. त्या पद्धतीत डिस्क आपोआप बंदही होते, म्हणजे तिच्यावरचे लेखन पूर्ण झाल्याची नोंद होते, आणि जुन्या प्लेअरला बंद केलेलीच डिस्क लागते.

‘टक’ आवाज तरीही राहिला, तर फाइल जिथे कापली ती जागा तपासा. ऑडिओ सीडीवरचा ट्रॅक सेकंदाच्या 75 व्या भागाच्या, म्हणजे 588 नमुन्यांच्या पूर्ण पटीतच संपू शकतो. फाइल मध्येच संपली की उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि तोच खटका ऐकू येतो. सर्वांत सोपे म्हणजे दोन्ही लेहरे संगणकावर आधी एकाच फाइलमध्ये जोडून घ्यावेत.

घुंगरू_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिन्ही डिस्क पाहिल्या. एक 4 ते 12 एक्सची निघाली, दोन 16 ते 24 एक्सच्या. पहिली पूर्ण पुसून, लेहरे एकाच फाइलमध्ये जोडून, 4 एक्सने ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’ पद्धतीने बर्न केली. अंतर आणि खटका दोन्ही गेले. भिंग साफ केल्यावर अडखळणेही थांबले, पण प्लेअर अजूनही तीन वेळांतून एकदा ‘नो डिस्क’ म्हणतोच. तोच लेहरा साध्या सीडी-आरवर लिहून नेला, तो मात्र पहिल्याच फटक्यात लागला.

तेव्हा आरडब्ल्यूवर घरी जुळणी करून पाहीन आणि वर्गात सीडी-आर नेईन. पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमासाठी तिच्या दोन प्रती करते आहे, लेबलाशिवाय.