भ्रूणाला ‘आराखडा’ असतो का?

प्राणिशास्त्र_कोथरूड:
बारावीच्या मुलांना मी वर्षानुवर्षे ‘डीएनए म्हणजे सजीवाचा आराखडा’ असे शिकवत आले, पण हा शब्द आता टाकून द्यावा असे माझे ठाम मत झाले आहे. वाड्याच्या नकाशात जिना कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येते. जनुकांत तसे काहीच काढलेले नसते. फळमाशीच्या भ्रूणावर ‘इव्हन-स्किप्ड’ हे जनुक सात पट्ट्यांत चालू झालेले दिसते. त्यातला दुसराच घ्या. बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिने जनुक चालू करतात, पुढच्या बाजूने जायंट आणि मागच्या बाजूने क्रुपल ते बंद पाडतात, आणि या ओढाताणीत जी चिंचोळी जागा उरते तेवढ्यातच पट्टा दिसतो. एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांचे हे जाळे हाच विकासाचा सूत्रधार आहे.

पाषाणचा_चौकस:
आराखडा नको, हे मान्य. पण एक मखर उतरवून त्यात लगेच दुसरा देव कशाला बसवायचा? आपल्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर (तुकड्यातूनही पुन्हा पूर्ण वाढणारा गोड्या पाण्यातला चिमुकला प्राणी) काम झाले आहे, म्हणून त्याचेच उदाहरण देतो. हायड्राच्या ऊतीचा तुकडा कापला, तर त्यातील ॲक्टिन तंतूंची (पेशीतल्या प्रथिनांच्या धाग्यांची) जुनी दिशा टिकून राहते आणि नव्या शरीराचा अक्ष तिच्याच रोखाने धरला जातो. हा वारसा पेशींच्या बांधणीतून आलेला आहे.

प्राणिशास्त्र_कोथरूड:
अक्षाची दिशा तंतूंनी दिली असेल, पण त्या टोकाला डोकेच का उगवते, याचे उत्तर पेशी एकमेकींना देतात त्या ‘विंट’ या रासायनिक संदेशाच्या जाळ्यात आहे. शिवाय १९९५ साली वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने ‘आयलेस’ हे डोळा घडवण्यास लागणारे जनुक माशीच्या पायांवर आणि पंखांवर चालू केले, तेव्हा तेथे डोळे उगवले. तंतू तर पायाचेच होते ना?

सदाशिव_पेठी:
बाई, त्याच प्रयोगाचा पुढचा भाग आपण गाळलात. उंदराचे तेच जनुक घातले तरी डोळा आला तो माशीचा, संयुक्त. म्हणजे एकटे जनुक नव्हे, तर यजमान पेशीतले जाळे महत्त्वाचे. येथवर मी आपल्या बाजूचा. (‘आराखडा’ लिहिल्याशिवाय परीक्षेत गुण मिळत नाहीत, हे दुखणे वेगळेच.)

पाषाणचा_चौकस:
मग सर्वांत पूर्ण जाळ्याकडेच या. एरिक डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या भ्रूणाचे जाळे २००२ मध्ये मांडले, आणि २०१२ मध्ये त्यावरून संगणकाने सुमारे ३० तासांपर्यंतचे भाकीत केले. काम थक्क करणारे आहे, यात वाद नाही. पण ते भाकीत कोणत्या भागात कोणते जनुक केव्हा चालू असेल एवढ्याचेच होते. त्यानंतर पेशींचा थर आत वळून आतडे तयार होते. त्याला किती ताण लागतो आणि तो कुठून येतो, याची चालू-बंदच्या त्या तक्त्यात एकही ओळ नाही.

प्राणिशास्त्र_कोथरूड:
ताण देणारी प्रथिने कोणत्या पेशीत बनायची, हे तरी जाळेच ठरवते. ‘सूत्रधार’ मागे घेत नाही. ‘एकमेव’ असे मी म्हटलेच नव्हते.