जुनी फोर बाय फोर चढावर मिसिंग करते : तपासणी कुठून सुरू करावी?

चिखलवाट :
माझ्याकडे १९९७ सालची, सहा सिलिंडरांची पेट्रोल फोर बाय फोर आहे. इंधन इंजेक्टरमधून येते, पण ठिणगी अजून एकाच कॉइलमधून (उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) डिस्ट्रिब्युटर (ती वीज पाळीपाळीने सिलिंडरांना वाटणारा भाग), त्याची कॅप आणि प्लग वायर या जुन्या मार्गानेच जाते. गेल्या महिन्यात मांडीभर पाण्याचा ओढा ओलांडला आणि त्यानंतर आठवडाभराने, चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन मिसिंग करू लागले, म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर पेट न घेता झटका देऊ लागला. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचे नुसते चालणे) मात्र शांत असते. स्कॅनरवर पी०३०३ हा कोड येतो. सहाही प्लग नवे बसवले, तेव्हा दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गॅरेजमध्ये आता इंजेक्टर, कॉइल आणि क्रँक सेन्सर (इंजिनच्या मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे फिरणे मोजणारा) हे तिन्ही एकदम बदलायला सांगत आहेत. तुमचा सल्ला काय?

फिलरगेज :
काहीही विकत घेण्यापूर्वी त्या कोडचा अर्थ नीट पाहा. तो मिसिंगचा कोड आहे, आणि शेवटचा ३ हा आकडा तिसऱ्या सिलिंडरचा आहे. कॉइल आणि क्रँक सेन्सर सहाही सिलिंडरांना सामाईक असल्यामुळे त्यांपैकी एक बिघडला असता तर त्रास सगळीकडे विखुरला असता आणि बहुधा पी०३००, म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरवर बोट न ठेवणारा कोड, आला असता. म्हणजे सुचवलेल्या तीन भागांपैकी दोन तूर्त बाजूला ठेवता येतात.

दुसरा धागा तुमच्याच वर्णनात आहे. व्हॉल्व्ह जळला असता किंवा इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांकडे हवा नेणारी नळी) जादा हवा शिरत असती, तर इंजिन बहुधा आयडलिंगलाच थरथरले असते आणि रेस वाढवल्यावर सावरले असते. तुमच्याकडे नेमके उलटे होते. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबाखाली प्लगच्या फटीतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, आणि वाटेत कुठे इन्सुलेशन कच्चे असेल तर वीज प्लगपर्यंत न जाता तिथूनच इंजिनच्या धातूत उतरते. म्हणून माझा पहिला संशय वायरवर आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या वायरींची अदलाबदल करा, मात्र दोन्ही टोकांकडून, म्हणजे फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) बिघडणार नाही. प्लग आणि इंजेक्टर जागेवरच राहू द्या. कोड पी०३०४ झाला तर दोष वायरचा. नाही झाला तर प्लग, मग इंजेक्टर अशीच एकेक अदलाबदल करा. एका वेळी एकच भाग हलवावा, हे पथ्य मोडले की सगळी मेहनत फुकट जाते. इंजिन चालू असताना प्लग वायर उपटून पाहण्याची जुनी रीत मात्र टाळा, कारण उघड्यावर पडलेली ठिणगी कॉइलला आणि हाताला दोघांनाही महागात पडते. सिलिंडर तात्पुरता बंद करायचा असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढावा.

दगडवाट :
एक शंका. मिसिंग ओळखण्यासाठी संगणक क्रँकशाफ्टच्या वेगातले बारीक चढउतार मोजतो, आणि खडबडीत वाटेवर चाकांचे धक्के गिअरबॉक्समधून तिथवर पोचले तर खोटा कोडही येऊ शकतो. डांबरी चढावर तुम्हाला तेच जाणवते का? आणि इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर भार टाकू नका. न जळलेले पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळते आणि तो भाग निकामी होतो. जाता जाता डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचे) तेलही पाहा. तिचे तापलेले घर पाण्यात गार होताना ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या बारीक वाटेने) पाणी आत ओढते, तेल दुधाळ दिसले तर लगेच बदला.

चिखलवाट :
दोघांचेही आभार. डांबरी चढावरही मिसिंग होते, दिवा लुकलुकत नाही, डिफरन्शियलचे तेल स्वच्छ आहे. वायरींची अदलाबदल केली आणि पुढच्याच चढावर पी०३०४ आला. गंमत म्हणजे मल्टिमीटरवर त्या वायरचा रोध इतरांसारखाच दिसतो.

फिलरगेज :
तो तसाच दिसणार. मीटर आपल्या छोट्या बॅटरीच्या जोरावर आतला वाहक अखंड आहे एवढेच सांगतो. हजारो व्होल्टला बाहेरचे आवरण टिकते की नाही, हे त्याला कळत नाही. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा आणि हात लांब ठेवून पाहा.

चिखलवाट :
मूळच्या तिसऱ्या सिलिंडरच्या वायरच्या रबरी टोपीपाशी निळसर ठिणग्या स्पष्ट दिसल्या. टोपी उलटून पाहिली तर आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या नव्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही तशीच रेघ उमटली आहे.

फिलरगेज :
ती कार्बनची रेघ आहे, आणि वीज तिच्यावरूनच उतरते. जुन्या टोपीतल्या रेघेने नव्या प्लगवरही तशीच वाट पाडली, म्हणून तुमचे दोन दिवस बरे गेले. ती पुसून जात नाही. वायरींचा पूर्ण संच घ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लगही पुन्हा नवा टाका, नाहीतर तोच प्लग नव्या टोपीला खराब करील. आता वायर चौथ्यावर फिरून आली आहे, तेव्हा तिथल्या प्लगवरही रेघ शोधा. टोप्यांत थोडे सिलिकॉन ग्रीस लावा. कॅप उघडून आतल्या टोकांवर हिरवट थर असेल तर कॅप आणि रोटर (कॅपच्या आत फिरणारा भाग) दोन्ही बदला. इंजेक्टरला हात लावू नका.