सॉलिड टॉप आणि खानापूरचा पाऊस

गिटारला सॉलिड स्प्रूस टॉप (थर न चिकटवता, स्प्रूसच्या अखंड लाकडाची पुढची फळी) घेतला की जन्मभर बघायला नको, असं म्हणतात; ते आवाजापुरतं पटतं, टिकण्यापुरतं नाही. आमच्या खानापुरात पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. माझ्या गिटारचा टॉप दुसऱ्याच पावसाळ्यात ब्रिजमागे (टॉपवर तारा अडकवतात त्या पट्टीमागे) फुगला, तारा इतक्या वर गेल्या की बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीशी) दाबताना बोटं सोलायची. मार्चमध्ये हवा कोरडी झाली आणि ब्रिजखाली केसासारखी चीर गेली, अगदी लाकडाच्या रेषेरेषेनं. लाकूड रेषांना आडवं फुगतं-आकसतं, म्हणून चीर रेषांच्या बाजूनंच जाते. लॅमिनेट टॉपमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले, त्यामुळे तो सहसा चिरत नाही. आवाज मात्र तेवढा खुलत नाही.

तरी मी पुन्हा सॉलिडच घेईन. फक्त आता गिटार भिंतीवर टांगत नाही. केसमध्ये आर्द्रतामापक ठेवलाय, ४५ ते ५५ टक्के राखायला धडपडतो.