अनुभव धागा: छातीतली धडधड आणि हातातलं वजन

२०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर मला अँक्झायटीचा त्रास सुरू झाला. रात्री दोन-अडीचला दचकून जाग यायची, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी म्हणाल्या, आता वजनं उचलायला लाग.

पहिला महिना फार जड गेला. स्क्वॉटचा (वजन घेऊन मारायच्या बैठकांचा) तिसरा सेट झाला की रात्रीसारखीच धडधड व्हायची आणि मी घाबरून जिन्यात जाऊन बसायचे. ट्रेनरताईंनी सवय लावली: सेट झाला की पळायचं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभं राहायचं. दोन मिनिटांच्या आत श्वास जागेवर यायचा. आठवड्यातून तीन दिवस हेच. पुढे एका रात्री जाग आली तेव्हा उठून दिवा न लावता मी नुसती सेकंदकाट्याची टिकटिक ऐकत पडले. धडधड तीच होती, पण ती उतरते हे आता शरीराला ठाऊक होतं.

तुमचं काय झालं ते लिहा. उपयोग झाला नसेल तर तेही लिहा, अगदी जरूर.

*

मी कोल्हापूरचा, वय ५२. आमच्याकडं तालीम. धंद्यात खोट आली, झोप उडाली, तेव्हा वस्तादांनी परत बोलावलं. पहिल्या दिवशी १५ जोर, ३० बैठका. नियम एकच, मोजणी चुकली की पहिल्यापासनं. कर्जाचा विचार डोक्यात आला की आकडा हटकून चुकायचा. हळूहळू पहाटेचा तेवढा अर्धा तास कर्ज तालमीच्या दाराबाहेर राहायला लागलं. कर्ज फिटायला चार वर्षं लागली, झोप त्याच्या खूप आधी आली.

*

व्यायामाआधी घ्यायच्या प्री-वर्कआउट पावडरपासून जपा. माझी धडधड व्यायामानं वाढते असं वाटून मी जिम सोडणार होतो. डब्यावर बारीक अक्षरात कॅफीन लिहिलं होतं, वर ऑफिसात चार कप चहा. पावडर बंद केली, चहा एकवर आणला, आठवड्याभरात फरक.

*

बरं वाटतंय म्हणून मी गोळ्या परस्पर थांबवल्या होत्या. कृपा करून असं करू नका. चक्कर, चिडचिड, आणि जुना त्रास दुपटीनं परत. डॉक्टरांनी नंतर त्याच गोळ्या टप्प्याटप्प्यानं कमी केल्या, तेव्हा काही झालं नाही. व्यायाम दोन्ही वेळेला चालूच होता. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

*

डोंबिवली, वय ४६. बीपी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, उचलताना सोडायचा, एवढं त्यांनी बजावलं. नुसत्या २० किलोच्या बारपासून सुरू करून पाच महिन्यांत डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ३० किलोवर आली. भरलेलं गॅस सिलिंडर साधारण तेवढंच असतं. परवा ते संपलं तेव्हा नवीन मीच ओट्याखाली सरकवलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मलाही काही शिकव गं, गुडघ्यांसाठी." आता दुपारी आम्ही दोघी खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव करतो. त्यांचे दहा झाले.