मुख्याध्यापकांनी रोज दोन तासिका वर्गात बसायलाच हवं का?

पारसिकपायथा
ठाणे-नवी मुंबईत शाळा सुधारायची म्हटली की आधी स्मार्ट बोर्ड येतो, मग भिंतींवर चित्रं, मग दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि चहा-समोसा. वर्गात रोज काय चालतं ते बघायला कुणी जात नाही. माझं म्हणणं एवढंच की सोमवार ते शुक्रवार मुख्याध्यापकांनी रोज दोन तासिका मागच्या बाकावर बसावं. पस्तीस मिनिटांच्या दोन, म्हणजे दिवसाला सत्तर मिनिटं. पंधरवड्यात वीस तासिका होतात. सोळा शिक्षकांची शाळा असेल तर प्रत्येकाची एक बघून होते, उरलेल्या चार नवख्या शिक्षकांना द्याव्यात.

टाचण, फळ्यावरचं अक्षर, तक्ते यांत वेळ घालवू नये. कागदावर बाकांचा नकाशा काढायचा आणि जे मूल बोललं त्याच्या जागी खूण करायची. बहुतेक वर्गांत खुणा पहिल्या दोन रांगांत दाटतात, खिडकीकडची रांग कोरीच राहते. दुसरं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात ते मोजायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकातच दाखवलं होतं की शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. तिसरं, शेवटच्या पाच मिनिटांत चार वह्या उघडून बघायच्या: फळ्यावरून उतरवलेलं किती आणि मुलानं स्वतःचं लिहिलेलं किती.

त्याच दिवशी दहा मिनिटं बोलायचं आणि सूचना एकच द्यायची. पुढच्या पंधरवड्यात तेवढीच तपासायची.

आठवी_ब
कागदावर झकास. महापालिकेच्या दोन सत्रांच्या शाळेत करून दाखवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन हवं, म्हणजे रोज साडेचार तासांच्या थोडं वर. सत्र सात ते सव्वाबारा धरलं तर सव्वापाच तास. त्यातून परिपाठाची पंचवीस मिनिटं आणि खिचडीची अर्धा तास सुट्टी काढा, चार तास वीस मिनिटं उरतात. एकही जयंती, एकही रॅली न धरता आपण तुटीतच आहोत.

आणि तुमचे मुख्याध्यापक मोकळे आहेत कुठे? यू-डायसची म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदणीची माहिती, पोषण आहाराचा साठा आणि हिशेब, आधार न जुळणारी मुलं, संच मान्यता म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करून घेणं. त्यात मुख्याध्यापक प्रभारी असतील तर त्यांच्याकडे स्वतःचा वर्गही असतो. ते दुसऱ्याच्या वर्गात बसले की त्यांचाच वर्ग उघड्यावर.

कोपरीकर
प्रभारींबद्दल पूर्ण सहमत. पण पूर्णवेळ मुख्याध्यापक आहेत तिथं काय अडतं? पोर्टलची कामं दिवसभर थोडी थोडी केली की दिवस संपतो. तीच दुपारी ठरलेल्या एका तासात केली तर सकाळ मोकळी राहते. पालकांना भेटीची वेळ दाराबाहेर लिहून ठेवायची. तातडीचे म्हणून येणारे बहुतेक फोन तासाभराने केले तरी चालतात.

आठवी_ब
'आत्ताच्या आत्ता माहिती पाठवा' हा मेसेज वरून येतो, सर. त्याला दाराबाहेरची पाटी दिसत नाही.

घणसोली_सेक्टर
खरा घोळ वेळेचा नाहीच, भीतीचा आहे. जे साहेब मागच्या बाकावर बसतात तेच वर्षाअखेर गोपनीय अहवाल लिहितात. मग शिक्षक ठेवणीतला पाठ काढतात आणि हुशार चार मुलांनाच उभं करतात. मुलांनाही कळतं की आज पाहुणे आलेत. पारसिकपायथा यांचा नकाशा त्या दिवशी खोटाच भरणार.

निरीक्षणाची वही अहवालापासून तोडायला हवी. वही शिक्षकाकडेच राहावी, तिची नक्कल कार्यालयात नको. सुरुवात मुख्याध्यापकांनी स्वतः करावी: आधी त्यांनी एक तास घ्यावा आणि दोन शिक्षकांनी तो बघून नकाशा भरावा. घोडबंदरच्या पट्ट्यातल्या खासगी शाळांतलं 'ऑब्झर्वेशन' तर निव्वळ रकाने भरणं असतं. पगारवाढीशी जोडलेल्या कागदावर खरं कोण लिहील?

पारसिकपायथा
वही शिक्षकाकडे, हे मान्य. माझ्या मांडणीत ते राहिलंच होतं. पण गैरहजर शिक्षकाच्या जागी बदली तासावर जायची वेळ आली की वर्गात बसणं आधी कापलं जातं, हे चालू नये. ते वेळापत्रकात छापलेलं हवं.

तुर्भे_नाका
तुम्ही सगळे शिक्षकाकडे बघताय, जरा मुलांकडे बघा. पाचवीच्या एकाच वर्गात अक्षर न येणारं मूल आणि गोष्ट वाचणारं मूल शेजारी बसतं. मुख्याध्यापक मागे बसून काय करणार? त्यांच्या हातातलं मोठं हत्यार वेळापत्रक आहे. तिसरी ते पाचवीचा भाषेचा एक तास एकाच वेळी लावा आणि त्या तासाला मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने हे वर्षानुवर्षं केलंय. तपासणीला मुलामागे तीन-चार मिनिटं लागतात, पन्नास मुलांचं काम तीन शिक्षक एका सकाळीत उरकतात.

हे फसतं ते दोन ठिकाणी. अक्षरगट सगळ्यांत नवख्या, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. तिथं शाळेतला सर्वांत अनुभवी माणूस हवा. आणि एकदा पाडलेले गट वर्षभर तसेच राहतात, मग त्याचं 'ढ' गट असं नाव पडतं. चार आठवड्यांनी पुन्हा तपासून मुलं हलवलीच पाहिजेत.

दिघा_पूर्व
तपासणीतच गडबड होते. दिघा, तुर्भे भागात कितीतरी घरांत हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. 'चार' नीट वाचणारं मूल 'चाक'मधला च हिंदीसारखा उच्चारतं आणि आपण चूक लावतो. त्याला वाचता येतं, मराठी ऐकलेली कमी आहे. त्याला अक्षरगटात टाकलं तर ते कंटाळतं. आधी हिंदी उतारा द्या. तो वाचला तर मूल परिच्छेदगटात घाला आणि रोज पंधरा मिनिटं नुसतं मराठी बोलणं: चित्र, वस्तू, गप्पा.

सीवूड्सची_आई
आम्ही पालक काय करू शकतो?

कोपरीकर
ताई, पालिकेची किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिथं 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. रंगकामावर चर्चा नेहमीच होते, तुम्ही एकच विचारा: गेल्या महिन्यात कोणत्या गटातून किती मुलं वर गेली? शिक्षक कुठल्या सर्वेक्षणाला पाठवले असतील तर तेही विचारा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्यालाच सूट देतं.

आठवी_ब
निवडणुकीची सूटच पुरेशी आहे. बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम लागलं की तुर्भे_नाका यांचा एकत्र तास पहिला मोडतो, कारण तिघांपैकी एक शिक्षक गेला तरी गट बसत नाहीत. त्यावर उपाय सांगा, मग मी तुमच्या बाजूने.

तुर्भे_नाका
परिच्छेद आणि गोष्ट हे गट त्या दिवसांपुरते एकत्र करायचे आणि वाचनकोपऱ्यातली पुस्तकं देऊन जोडीने वाचायला बसवायचे. अक्षरगटाला मात्र हात लावायचा नाही. त्याचे शिक्षक गेले, तर तिथं मुख्याध्यापकांनी उभं राहायचं.