भराव घालणारा मोकळा, पाणी मात्र खालच्याच्या घरात?

कारेलीबागकर:
काल इथे एकाने लिहिलं, "प्लॉट माझा, भरावाचे पैसे माझे. खालच्यांच्या घरात पाणी शिरत असेल तर त्यांनी आपलं घर उचलून घ्यावं." वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आमचं बडोद्यातलं टेनामेंट, म्हणजे छोट्या प्लॉटवरचं घर, जुनं. जोतं एकेकाळी रस्त्यापेक्षा चांगलं उंच होतं, डांबरावर डांबर चढत रस्ताच आता जोत्याला भिडलाय. मागचा प्लॉट कित्येक वर्षं मोकळा होता. पाणी तिकडून सावकाश उतरायचं आणि कोपऱ्यातल्या नाळीने कांसात, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यात, जायचं. नव्या मालकाने साडेतीन फूट भराव घातला, नाळी बुजवली, अगदी हद्दीवर भिंत उठवली आणि भिंतीच्या तळाशी ओळीने चार इंची पाइप बसवले. तोंडं आमच्याकडे. जोराची सर आली की आधी न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, मग फरशीच्या सांध्यांतून गढूळ पाणी वर येतं. आईचा पलंग विटांवर चढवलाय, तो पावसाळाभर तसाच.

पाऊस पडला हा त्याचा दोष नाही. पाण्याची वाट मात्र त्याने बदलली, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

वाघोडियारोड:
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. फ्रिज तरंगत होता, गाडी गेली, मुलीची दहावीची पुस्तकं लगदा झाली. तेव्हा एकाही शेजाऱ्याने विचारलं नाही की बाबा, तुझं कसं चाललंय. त्यानंतर कर्ज काढून घर पाडलं, भराव घालून नवं बांधलं. आता त्याच शेजाऱ्यांना कायदा आठवतोय. पाणी उताराकडेच जाणार आणि कायदाही तेच सांगतो.

वकीलताई:
भाऊ, कायदा अर्धाच वाचलात. 1882 च्या सुखाधिकार (ईझमेंट, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या हक्कांच्या) कायद्याच्या कलम 7 मध्ये आहे की वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं पाणी खालच्याने नैसर्गिक रीतीने येऊ द्यायचं. म्हणजे खालच्यालाही भिंत घालून ते अडवता येत नाही, हे कारेलीबागकरांनीही लक्षात ठेवावं. पण सपाट जमीन साडेतीन फूट चढवायची, पाणी पाइपात गोळा करायचं आणि दुसऱ्याच्या भिंतीवर सोडायचं, याला त्या कलमाचा आधार नाही. त्याविरुद्ध मनाई हुकूम मागता येतो.

आणि गप्प बसू नका. असे पाइप 20 वर्षं उघडपणे, हक्काने, विनाखंड चालू राहिले तर कलम 15 प्रमाणे समोरचा तसं पाणी सोडण्याचा हक्कच मागू शकतो. आजच लेखी हरकत घ्या, तारखेसह फोटो काढून ठेवा.

दांडियाबाजार:
तुम्ही पाइपांवर भांडत बसा. बडोदं बुडालं ते विश्वामित्रीने. नदी 35 फुटांवर गेली ती कोणाच्या अंगणातल्या भरावाने? पाणी आलं पावागढाच्या डोंगराकडून आणि आजवा तलावातून. सयाजीरावांनी तलाव बांधला शहराला पाणी पाजायला, आता त्याच तलावाच्या धास्तीने आम्ही रात्र रात्र जागतो. पाऊस येणार हे माहीत असताना तो आधीच रिकामा का केला नाही?

निवृत्त ओव्हरसियर:
रिकामा करायचा आणि पुढे पाऊसच झाला नाही तर मे महिन्यात प्यायचं काय? आजव्याचा बांध मातीचा आहे. वरून पाणी गेलं तर बांधच वाहून जाईल, म्हणून पातळी चढली की सोडावंच लागतं. शिवाय नदी फुगली की कांसांची तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी बाहेर जायचं सोडून उलटं चढतं. ज्यांच्या घराजवळ नदी नाही त्यांच्याकडेही पूर येतो तो असा.

दांडियाबाजार:
काका, तुम्ही खात्यातले, खात्याचीच बाजू घेणार! 31 जुलै 2019 ला दिवसभरात सुमारे 20 इंच पडला तेव्हाही हीच उत्तरं ऐकली. माझ्या बहिणीच्या सोसायटीत जिन्याखाली मगर येऊन बसली होती. पोरं वरच्या मजल्यावर, दूध संपलेलं, वीज गेलेली. तिला जाऊन सांगा बांध मातीचा आहे म्हणून.

निवृत्त ओव्हरसियर:
आवाज चढवू नका. त्या रात्री मीही पाण्यात उभा होतो. कांसांवर बांधकामं झाली, हे मलाही मान्य. भूखी कांस ज्यांनी मोकळी वाहताना पाहिली आहे त्यांना ते वेगळं सांगायला नको. पण 2025 च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचा गाळ काढला, पात्र रुंद केलं, तेही बोला.

मांजलपूरची काकू:
आमच्या सोसायटीने कॉमन प्लॉटवर कडेकोट पेव्हर ब्लॉक बसवले, कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत. एक इंच माती उघडी ठेवली नाही. सगळं पाणी आता आमच्या फाटकात. मीटिंगमध्ये बोलले तर म्हणाले, चिखल होतो, गरब्याला अडचण होते.

कारेलीबागकर:
नदी, आजवा, गरबा, सगळं झालं. माझ्या घरात पाणी येतं ते जुलैच्या साध्या दोन इंच पावसात, नदी खाली असताना. त्याचं आजव्याशी काय देणंघेणं?

निवृत्त ओव्हरसियर:
तुमच्याबाबतीत काहीच नाही, हे खरं. हिशेब बघा. 2000 चौरस फुटांच्या प्लॉटवर 4 इंच पाऊस म्हणजे जवळपास 19 हजार लिटर, पाच हजारांचे चार टँकर. मोकळ्या मातीत त्यातलं थोडं मुरतं, थोडं साचून हळूहळू जातं. सगळीकडे फरशी केली की जवळजवळ सगळं लगेच वाहून येतं. पाणी जमिनीत मुरवायला खंभाती विहीर खणा असं सगळे सांगतात, पण आपली काळी माती ऑगस्टपर्यंत तुडुंब असते, तेव्हा एकट्या विहिरीवर विसंबू नका. भराव घालणाऱ्याने भिंतीच्या आतून, स्वतःच्या हद्दीत, उघडी नाळी काढावी आणि ती पुढे रस्त्याच्या गटाराला उतार देऊन न्यावी. दोन फूट जागा जाते, म्हणून कोणी करत नाही.

वाघोडियारोड:
दोन फूट म्हणजे माझी गाडी लावायची जागा.

वकीलताई:
आणि खालच्याची झोपायची खोली.

वाघोडियारोड:
भराव एक तसूही काढणार नाही, आधीच सांगतो. 2024 पुन्हा बघायची ताकद नाही. माझ्या मागच्या भिंतीलाही दोन पाइप आहेत. नाळी दोन नाही, एका फुटाची करीन आणि ते पुढे वळवीन. पण रस्त्याचं गटार भरलेलं असलं तर पाणी माझ्याच दारात उभं राहील, तेव्हा कोणी बोलायचं नाही.

कारेलीबागकर:
भराव काढा असं मी म्हणालोच नव्हतो. पाइप कधी वळवताय?

वाघोडियारोड:
नवरात्रीनंतर. पावसात खोदायला मजूर मिळत नाहीत.

वकीलताई:
हे तुमच्या मागच्या शेजाऱ्यांना लेखी द्या. आणि तोवर त्या दोन पाइपांना कोपर लावून तोंड त्यांच्या भिंतीवरून फिरवा, त्याला मजूर लागत नाही.