कोजागिरीला हार नकोत, पडदा लावा

सेक्रेटरी (बी-२०४): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 कोजागिरीला दरवर्षीप्रमाणे गच्चीवर जमायचे आहे. यंदा कमिटीने विषय ठरवला आहे, 'आपल्या कोल्हापूरचे जुने कलावंत'. सात-आठ फोटो फ्रेम करून लावू, हार, दीपप्रज्वलन, दोन शब्द, मग दूध. सूचना असतील तर आजच कळवा.

छोटू (बी-४०१): सर स्पीकर माझा. शेवटी अर्धा तास डीजे लावू का? नाहीतर पोरं वर येणारच नाहीत

सेक्रेटरी (बी-२०४): दहाला आवाज बंद. मागच्या गणपतीत काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

वहिनी (सी-१०४): दूध किती लिटर ते आधी सांगा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. गेल्या वर्षी पिशवीचं आणलं तर निम्मं पातेलं तसंच राहिलं

आण्णा (डी-१०२): (फॉरवर्ड केलेला संदेश) 🌹🌹 अभिमान बाळगा कोल्हापूरकरांनो! मराठीतला पहिला बोलपट 'राजा हरिश्चंद्र' आपल्या मातीत बनला! बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त मानापमान आपल्याच पॅलेस थिएटरात रंगला! खरा कोल्हापूरकर असाल तर अकरा जणांना पाठवा 🌹🌹

आबा (ए-१०१): आण्णा, कुणालाबी पाठवू नका. दोन वाक्यांत दोन चुका हायत.

आण्णा (डी-१०२): आबा मी फक्त फॉरवर्ड केलंय

आबा (ए-१०१): तेच म्हणतोय. 'राजा हरिश्चंद्र' फाळक्यांचा, १९१३ चा, मुका. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा', १९३२, प्रभातचा. गोष्ट दोन्हीकडं हरिश्चंद्राचीच, म्हणून लोकांचा घोळ होतोय. प्रभात निघाली १९२९ ला इथं कोल्हापुरात आणि पुण्याला गेली १९३३ ला. म्हणजे तो बोलपट इथलाच, तेवढं मात्र खरं.

शिक्षिका काकू (सी-३०३): आणि संयुक्त मानापमान मुंबईला झाला, ८ जुलै १९२१, बालीवाला थिएटरमध्ये, टिळक स्वराज्य फंडासाठी. आपल्या नाट्यगृहाला केशवरावांचं नाव आहे म्हणून प्रयोगही इथलाच असं कुणालाही वाटतं. शाहू महाराजांनी ते १९१५ साली बांधून घेतलं, तेव्हा ते पॅलेस थिएटर होतं. केशवरावांचं नाव नंतर दिलं.

मावशी (ए-३०२): काकू त्या प्रयोगाचं पूर्ण सांगा ना. तुम्ही एकदा जिन्यात सांगितलं होतं, तेव्हा नेमकी लाईट गेली

शिक्षिका काकू (सी-३०३): केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी म्हणजे समोरासमोरच्या कंपन्या. दोघांचे चाहते एकमेकांशी भांडायचे. आणि इथे दोघे एकाच रंगमंचावर, केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं ३१.

मावशी (ए-३०२): एकतीस!! माझा धाकटा एकतीसचा आहे, अजून चहा हातात द्यावा लागतो

छोटू (बी-४०१): 😂😂

शिक्षिका काकू (सी-३०३): केशवरावांची जयंती ९ ऑगस्टला. २०२४ ला आदल्याच रात्री, ८ तारखेला नाट्यगृहाला आग लागली. मी दुसऱ्या दिवशी खासबागेच्या बाजूने जाऊन बघून आले. लोक काही न बोलता नुसते उभे होते.

सेक्रेटरी (बी-२०४): सर्वांना विनंती, विषय कार्यक्रमापुरता ठेवावा. फोटोंची यादी द्या. फ्रेमवाल्याला आज ऑर्डर दिली तर वेळेत मिळेल.

आबा (ए-१०१): सेक्रेटरीसाहेब, राग मानू नका. पण फोटो कशाला? ही काय वर्षश्राद्धाची पंगत हाय? त्या माणसांनी हसवलं, नाचवलं, रडवलं. आपण त्यास्नी झेंडूचा हार घालून भिंतीला टेकवून ठेवणार आणि खाली बसून दूध पिणार. फोटोकडं दोन मिनिटांच्या वर कोण बघत न्हाई. पडदा लावा. एकेकाचं पाच-पाच मिनिटांचं काम दाखवा. गाणं असंल तर गाणं.

खजिनदार दादा (बी-१०३): आबांशी सहमत. फ्रेमचे पैसेही वाचतील.

छोटू (बी-४०१): प्रोजेक्टर माझ्या मित्राकडे आहे. फुकट देईल, फक्त त्याला दूध पाजायचं

आबा (ए-१०१): मी एकवीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये काढली, म्हणून सांगतोय. तवा मशीनचा उजेड कार्बनवर चालायचा. दोन कांड्या, मधी जाळ. कांड्या जळत जातील तशा जुळवत ऱ्हायचं, डुलकी लागली की पडदा पिवळा पडला आणि खालनं शिव्या. दोन मशिनं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो. पहिला दिसला की दुसरं मशीन सुरू, दुसरा दिसला की पालटी. माणसाला कळतासुद्धा नव्हतं. आता तुमी जुना पिक्चर बघताना तो ठिपका बघा, अजून दिसतोय.

छोटू (बी-४०१): थांबा आबा तो ठिपका म्हणजे ते?? मला वाटायचं व्हिडिओ खराब आहे

आबा (ए-१०१): 'पिंजरा' लागला १९७२ ला. मी नवाच होतो. केबिनच्या चौकोनी भोकातनं मला पडदा कमी आणि पब्लिक जास्त दिसायचं. संध्याबाईंचा नाच सुरू झाला की शिट्ट्या, फेटे उडायचे, चिल्लर पडायची. मग उत्तरार्धात डॉ. लागूंचा मास्तर तमाशाच्या फडात पडंल ते काम करताना दिसायला लागला, की तीच माणसं गप्प. एकजण खोकत नव्हता. रोज चार खेळ, आणि रोज तिथंच गप्प. ते मी बघितलंय. हे फोटोत कुठनं आणणार?

मावशी (ए-३०२): आबा 🙏 मी आईबरोबर गेले होते पिंजऱ्याला. शिट्ट्या वाजल्या की आई माझ्या डोळ्यांवर पदर धरायची

शिक्षिका काकू (सी-३०३): आणि त्यातल्या सगळ्या लावण्या एका शाळामास्तरांनी लिहिलेल्या! जगदीश खेबुडकर. आपल्या कोल्हापूरचे. संगीत राम कदमांचं. वर्गात कविता शिकवायची आणि घरी येऊन फडावरचं लिहायचं. आमच्या शिक्षक मंडळींत त्यांचं फार कौतुक होतं, थोडा हेवाही होता म्हणा.

आण्णा (डी-१०२): लावणी नको. लहान मुलं असतात. सोसायटीचा कार्यक्रम आहे

मावशी (ए-३०२): आण्णा, मागच्या गणपतीत तुमच्या मजल्यावरच्या पोरींनी कशावर नाच केला होता ते सांगू का इथे

आण्णा (डी-१०२): (हा संदेश हटवण्यात आला)

वहिनी (सी-१०४): आम्हाला दिसला आण्णा 😄

शिक्षिका काकू (सी-३०३): आण्णा, 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, अनंत माने यांचा, तेही आपल्याकडचेच. त्यातली 'बुगडी' आशाबाई गायल्या, शब्द माडगूळकरांचे, संगीत वसंत पवारांचं, पडद्यावर जयश्री गडकर. पुण्याला विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. इतके आठवडे काय नुसती टवाळ पोरंच येत होती? घरंच्या घरं यायची. एक लावणी राहू द्या.

सेक्रेटरी (बी-२०४): एक लावणी मंजूर. पुढे चला.

छोटू (बी-४०१): निळू फुले पायजेतच. त्यांचे मीम आमच्या ग्रुपला रोज असतात, वाड्यावर वगैरे

आबा (ए-१०१): छोटू, निळूभाऊ पुण्याचे. कोल्हापूरच्या यादीत बसत न्हाईत. पण घेऊया. अट एकच, तो पाटील दाखवायचा न्हाई.

छोटू (बी-४०१): मग काय दाखवायचं? तोच तर फेमस आहे

आबा (ए-१०१): 'सिंहासन' दाखव. १९७९, जब्बार पटेलांचा. त्यात ते वार्ताहर हायत, दिगू टिपणीस. नुसतं बघत हिंडणारा माणूस. आवाज चढवत न्हाई, डोळं वटारत न्हाई. बाया ज्याला बघून बोटं मोडायच्या तोच हा माणूस, सेवादलातला कार्यकर्ता. आणि त्याच पिक्चरमध्ये मुख्यमंत्री कोण?

मावशी (ए-३०२): अरुण सरनाईक!!!

मावशी (ए-३०२): मी वाटच बघत होते कधी नाव निघतंय. ते आपलेच. वडील शंकरराव सरनाईक स्वतः नाटक कंपनीवाले, काका निवृत्तीबुवा मोठे गवई. घरात गाणं, म्हणून पडद्यावरही स्वतः गायचे. 'घरकुल' मधलं ते पप्पांचं गाणं त्यांनीच म्हटलंय. १९७० चा पिक्चर, माझ्या दोन्ही पोरांना त्याच गाण्यावर झोपवलं मी. १९८४ ला अपघातात गेले तेव्हा आमच्या गल्लीत दोन घरांत चूल पेटली नव्हती. एक आमचं, दुसरं सांगत नाही

खजिनदार दादा (बी-१०३): मावशी, दुसरं आमचं. आईचं.

मावशी (ए-३०२): अगं बाई! ती कधी बोलली नाही

वहिनी (सी-१०४): सगळे कलावंत झाले असतील तर लिटर सांगा. ४० घरं, घरटी तीन धरले तर पेला पेला म्हणजे २५ लिटर होईल का?

सेक्रेटरी (बी-२०४): ३० सांगा. ए विंगला उद्या सकाळी पाणी येणार नाही, टाकी साफ करणार आहेत. आज रात्री भरून ठेवणे.

आबा (ए-१०१): हे आत्ता सांगताय?

सेक्रेटरी (बी-२०४): फलकावर दोन दिवस लावलंय.

आण्णा (डी-१०२): लताबाई यादीत आहेत का? त्या काही कोल्हापूरच्या नाहीत

शिक्षिका काकू (सी-३०३): जन्म इंदूरचा, पण इथलं नातं जुनं आहे. १९४२ ला दीनानाथ गेल्यावर आपल्या कोल्हापूरच्या मास्टर विनायकांनी या कुटुंबाला हात दिला. तेव्हा लताबाई विनायकांच्या चित्रपटांत छोटी कामं करायच्या. आणि दुसरं म्हणजे आनंदघन. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' चित्रपटाला या नावाने संगीत होतं, १९६५. राज्य पुरस्कारात संगीताचं बक्षीस जाहीर झालं, आनंदघन म्हणून नाव पुकारलं, आणि कोणी उठेना. लताबाई तिथेच बसलेल्या. मग मंचावरून सांगावं लागलं की आनंदघन म्हणजे ह्याच. त्यातलं ऐरणीचं गाणं तर घरोघरी आहे, आणि शब्द पुन्हा खेबुडकरांचे.

छोटू (बी-४०१): म्हणजे एवढी मोठी गायिका दुसऱ्या नावाने म्युझिक द्यायची आणि कुणालाच माहीत नाही? हे भारी आहे. लताबाईंना मी निवेदन करतो

आबा (ए-१०१): नाद खुळा! कर की. पण मोबाईलवर बघून वाचायचं न्हाई.

शिक्षिका काकू (सी-३०३): मला गोविंदराव टेंबे पाहिजेत. कुणालाच आठवत नाहीत. १९११ च्या मानापमानाच्या चाली त्यांच्या. पेटी वाजवायचे. एकवीस वर्षांनी 'अयोध्येचा राजा' मध्ये हरिश्चंद्र तेच आणि संगीतही तेच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहून तिथल्या तिथे गायचं. तारामती दुर्गा खोटे. नाटकाचं गाणं बोलपटात आलं ते अशा माणसांच्या गळ्यातून.

आबा (ए-१०१): घ्या घ्या. आणि बाबूराव पेंटर? खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ हाय, रोज गाड्या वळवतासा तिथनं, कुणी मान वर करून बघत न्हाई. त्यांचा 'सैरंध्री' पिक्चर १९२० चा. बाईच्या भूमिकेला बाई उभी केली, तवा फाळक्यांच्यात बहुतेक गडीच बाई व्हायचे. आणि भीम कीचकाला मारतोय तो प्रसंग इतका खरा वाटला की सेन्सॉरनं कापायला लावला.

खजिनदार दादा (बी-१०३): पाच-पाच मिनिटं म्हणजे आठ जणांची चाळीस. बोलणं धरून सव्वा तास. साडेआठला सुरू केलं तर दहाच्या आत बसतंय.

आबा (ए-१०१): बाबूरावांचं दाखवायला काय मिळंल का न्हाई ते छोटू शोधंल. न्हाई मिळालं तर मी तोंडानं सांगतो. सुधीर फडकेबी धरा. १९१९ ला इथंच जन्म. गीतरामायणातलं एक गाणं लावा, माडगूळकरांनी ५६ लिहिली आणि आकाशवाणीवर १९५५ पासनं आठवड्याला एक अशी लागली. आमच्या वडलांनी रेडिओला हळदकुंकू लावलेलं मी बघितलंय.

सेक्रेटरी (बी-२०४): ठीक आहे. अंतिम : केशवराव-बालगंधर्व (काकू), टेंबे (काकू), बाबूराव पेंटर (आबा), फडके (खजिनदार), एक लावणी (मावशी), अरुण सरनाईक (मावशी), निळू फुले (आबा), लताबाई-आनंदघन (छोटू). प्रत्येकी पाच मिनिटे. फोटो रद्द. डीजे रद्द.

छोटू (बी-४०१): डीजेचं मी विसरलोच होतो सर

वहिनी (सी-१०४): पडद्याला माझी पांढरी डबलबेडची चादर देते. इस्त्री करून. डाग पडला तर बघा

आबा (ए-१०१): मशीन मी चालवणार. छोटू शेजारी बसंल.

छोटू (बी-४०१): आबा त्यात फक्त एक बटण आहे

आबा (ए-१०१): तेच दाबतो.

आण्णा (डी-१०२): मी आत्ताच मार्केटात आलोय. हार झेंडूचे घेऊ की शेवंतीचे? आठ ना?

सेक्रेटरी (बी-२०४): आण्णा, वर वाचा.